पाचवी सवाष्ण

समस्त जनतेस, आणि विशेषतः भूगोल शिकवणाऱ्या गुरुजनांस, जड अंतःकरणाने कळवण्यात येत आहे की अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्रकिनारा आहे. ही गंभीर बाब नकाशे काढणाऱ्यांनी आजवर दडवून ठेवली. परंतु मी त्या किनाऱ्यावर तीन वर्षं राहिलो आहे, तिथल्या लाटेने माझी डाव्या पायाची चप्पल नेली आहे, आणि तिथल्या एका दगडावर उभं राहून मी आयुष्यातलं सगळ्यात अवघड बोलणं बोललो आहे. तेव्हा आता गप्प बसणं बरं नव्हे.

पुरावा हवा असेल त्याने नेवाशाच्या पुढे यावं. प्रवरा गोदावरीला मिळते आणि तिथून खाली पैठणच्या धरणाचा फुगवटा सुरू होतो. चांगल्या पावसाच्या वर्षी, दिवाळीच्या सुमारास, काठावर उभं राहिलं तर पलीकडचा काठ दिसत नाही. एक धुरकट पट्टा दिसतो, आणि तो ढग आहे की उसाचं रान, हे छातीठोक सांगता येत नाही. वारा सुटला की पांढऱ्या माथ्याच्या लाटा येतात आणि खडकावर आपटतात. मीठ तेवढं नाही. बाकी समुद्राने ठेवायची ती सगळी व्यवस्था ठेवलेली आहे.

या पाण्यात काळ्या खडकाची एक सोंड घुसली आहे. सोंड हाच तिला नेमका शब्द. लोकही तिला सोंडच म्हणतात. दोन्ही बाजूंनी कातळ तुटलेला, माथ्यावर तरवड, निवडुंग आणि वेड्या बाभळी, आणि अगदी टोकाला पाण्यात उभी असलेली सिमेंटची गोल विहीर. आठ-दहा गावांना प्यायचं पाणी तिथून उपसलं जातं. विहिरीवर दोन मोटारी, अलीकडे सोंडेवर पत्र्याची एक खोली आणि खोलीत मी. वीज आली की मोटार चालू करायची, गेली की बंद. या हुद्द्याला ऑपरेटर म्हणतात. सोंडेच्या बुडापासून डांबरी रस्ता दीड कोस, आणि त्या दीड कोसात बोलणारा प्राणी एकही नाही.

आता माझी अडचण समजून घ्या. मी वीस वर्षं जत्रेतल्या नाटकांत राजाची कामं केलेला माणूस. पुठ्ठ्याचा मुकुट, शेजारणीचा शालू आणि माझा आवाज, एवढ्यावर मी चार गावांच्या जत्रा जिंकल्या होत्या. अशा माणसाला त्या टोकावर नेऊन बसवलं आणि प्रेक्षक म्हणून दिले पाणकावळे. पाणकावळे हे फार वाईट प्रेक्षक आहेत. खडकावर ओळीने बसतात, दोन्ही पंख पसरून धरतात, जणू आता टाळी वाजवणार. आणि वाजवत नाहीत. मी त्यांना अख्खा दरबाराचा प्रवेश करून दाखवला आहे. पंख वाळले की ते उडून जात.

समोर मात्र माणसं होती. हाक मारली तर आवाज पोचेल पण शब्द पोचणार नाहीत, एवढ्या अंतरावर बेट होतं आणि बेटावर तीसेक घरांची वाडी. मी रांगत होतो तेव्हा ते बेट नव्हतं, टेकडी होती. धरण भरलं आणि टेकडीखालची रानं, मळे, चावडी, सगळं पाण्याखाली गेलं. ज्यांना दुसरीकडे जमीन मिळाली ते गेले. माथ्यावरची घरं बुडाली नाहीत, म्हणून ती माणसं राहिली. होळीनंतर पाणी ओसरतं, गाळ उघडा पडतो, त्यात ती पेरतात आणि चार महिने पायी ये-जा करतात. पाऊस झाला की पुन्हा बेट. पुन्हा होडी.

होडी म्हणजे लोखंडी पत्र्याची, आणि ती वल्हवणारी एक मावशी. पन्नाशी उलटलेली, काटक, कपाळ मोकळं. नवरा होडी चालवायचा, तो गेल्यावर हिने वल्हं हातात घेतलं. बेटावरचं कुणीही माणूस, शेळी, गॅसची टाकी किंवा नवरी तिच्या परवानगीशिवाय पाणी ओलांडत नसे. मला ती 'ऑपरेटर' म्हणायची, तेही असं, जणू मी मोटारीचाच एखादा सुटा भाग.

दसरा झाला की बेट रिकामं व्हायचं. तरणी माणसं, जोडीजोडीने, ऊसतोडीला जायची: कोल्हापूरकडे, सांगलीकडे, काही कर्नाटकात. मागे राहायचे म्हातारे, म्हाताऱ्या आणि शेळ्या. संध्याकाळी मी सोंडेवरून बघायचो. दसऱ्याआधी बेटावर तीस चुलींचा धूर दिसायचा, दसऱ्यानंतर नऊ-दहा. मी रोज मोजायचो. दुसरं काम नव्हतं.

या मागे राहिलेल्या माणसांना माझ्या सोंडेवर यावं लागे, कारण बेटावर मोबाईलला रेंज नव्हती. रेंज होती ती विहिरीच्या अलीकडच्या एका चपट्या दगडावर. हा दगड दोन माणसं उभी राहतील एवढा. त्यावरून पाय खाली ठेवला की बोलणं तुटलं. बाजाराच्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला मंडळी नेवाशाहून परत यायची, पिशव्या माझ्या खोलीच्या सावलीला ठेवायची आणि एकेक करून दगडावर चढून आपापल्या मुला-सुनांना फोन लावायची.

आणि इथे या लोकांची एक रीत होती. अशी रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

जो दगडावर, त्याच्याकडे बाकीच्यांनी पाठ करायची. सगळ्यांनी, म्हाताऱ्यांनीसुद्धा. पाण्याकडे तोंड करून गप्प उभं राहायचं. एकाचं बोलणं दुसऱ्याने ऐकू नये म्हणून. आता सगळ्यांचे फोन स्पीकरवर, आणि बोलणारे असे बोलायचे की कोल्हापूरपर्यंत फोनशिवायच पोचावं. बेटावरच्या शेळ्यांनाही ऐकू जाई. पण पाठ केली म्हणजे ऐकलं नाही. फोन संपला की सगळे वळायचे, आणि मग बोलणाऱ्याने काय बोलणं झालं ते पहिल्यापासून सांगायचं. आणि बाकीच्यांनी ते नव्याने ऐकायचं.

या खेळातला सगळ्यात मोठा नट म्हणजे एक म्हातारा मुकादम. उमेदीत त्याने ऊसतोडीच्या टोळ्या नेल्या होत्या, आता गुडघे गेले आणि कानही अर्धे. टोळी मुलगा नेई. म्हातारा दगडावर चढायचा.

"जेवला का?"

"जेवलो, आबा."

"काय जेवला?"

"भाकरी."

"कशासंगं?"

"ठेचा हुता."

मग फोन बंद. मंडळी वळत. म्हातारा खाकरून सुरुवात करी. "पोरगं म्हनतं, जेवलो."

"व्हय का," सगळे म्हणत.

"भाकरी खाल्ली म्हनतं."

"व्हय का. कशासंगं?"

"ते इचारलंच मी. ठेचा."

"बरं झालं," मावशी म्हणायची, "इचारलं ते."

पहिल्या वर्षी मी हे खोलीच्या दारातून बघितलं. दुसऱ्या वर्षी, दिवाळीनंतरच्या पहिल्याच बाजारी, सगळ्यांचे फोन झाले तेव्हा मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "ऑपरेटर, तुमाला न्हाई का येत कुनाचा फोन?"

तिने सहज विचारलं. पण सहा-सात माणसं वळून बघत होती, आणि गेल्या वर्षभरात एवढी माणसं माझ्याकडे एकदम वळली नव्हती.

"येतो की," मी म्हणालो. "बायकोचा. रोज येतो."

"कवा?"

"तुम्ही गेल्यावर."

"आज आमच्यासमोर येऊ द्या की मग. आमी पाठ करतो."

आणि त्यांनी खरोखरच पाठ केली. सहा-सात पाठी, काही पोक आलेल्या, पाण्याकडे तोंड करून शांत उभ्या. मंचावरचा पडदा वर गेला होता. मी खिशातून फोन काढला, कानाला लावला आणि म्हणालो, "हां, बोल. नाही गं, वाजला नाही, थरथरण्यावर ठेवलाय. आणि स्पीकर फुटलाय माझा, मोठ्याने बोल."

एवढ्यात मी विहिरीपासून खोलीपर्यंत चालत आलोही होतो. दगडावर मी मावलोच नसतो. अभिनयाला जागा लागते.

त्या दिवशी मी दहा मिनिटं बोललो. बायकोने मला झापलं, मी तिला समजावलं. तिच्या भावाने एक जुनी मोटारसायकल घेतली होती आणि हिने ती शिकायचा हट्ट धरला होता. मी नको म्हणालो. ती ऐकेना. शेवटी मी हात टेकले आणि फोन ठेवला. पाठी वळल्या. रीतीप्रमाणे मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि या वेळी आणखी रंगवून. "व्हय का," ते म्हणाले. "व्हय का." मुकादमाने मांडीवर थाप मारली. होडी निघाली तेव्हा पाण्यावरून त्यांचं हसू ऐकू येत होतं.

वाचकांनी मला हवं ते म्हणावं. मी ते केलं, आणि पुढच्या बाजारी पुन्हा केलं, आणि त्याच्या पुढच्याही.

मोटारसायकलचं प्रकरण वाढत गेलं. बायको पहिल्या गिअरमध्ये शिकली, दुसऱ्यात श्रीरामपूरच्या बाजारात शिरली आणि तिसऱ्यात टोमॅटोच्या हातगाडीला धडकली. मेव्हणा मागे बसून ओरडत होता. टोमॅटोवाला घरापर्यंत आला आणि चहा पिऊन गेला. बेटावरची मंडळी बाजार लवकर आटोपून यायला लागली. मावशीचे प्रश्न फार बारीक असायचे.

"मागच्या बाजारी त्यांचा डावा हात मुरगाळला हुता ना. मग आज क्लच कशानं दाबला?"

"मेव्हण्याने. मागून हात घालून."

"व्हय का," मावशी म्हणाली, आणि क्षणभर पाण्याकडे बघत राहिली. मला वाटलं, काय लक्ष देऊन ऐकते ही बाई.

मग एके दिवशी तिने मला 'ऑपरेटर' म्हणणं सोडलं. "दाजी, शेवाळलंय तिथं, पाय जपून ठिवा," ती म्हणाली, आणि बाकीच्या बायकाही दाजी म्हणू लागल्या. म्हणजे माझी बायको त्यांची बहीण झाली होती. मी त्या रात्रीपुरता नव्हे, चांगला आठवडाभर राजा होतो.

पण होडी गेली की काय व्हायचं, तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर ही नुसती गंमत होईल. वारा तिथे संध्याकाळी पडत नसे, वाढत असे. पत्रा वाजायचा. मोटार बंद असली की लाटांचा आवाज खोलीत येऊन बसायचा. मी भाकरी थापायचो आणि पुढच्या बाजारी ती काय बोलेल याचा विचार करायचो. प्रत्येक फोनच्या शेवटी मी तिच्या तोंडी एक वाक्य घालायचो, 'स्वेटर घातला का?' आणि मी 'घातला' म्हणायचो. हळूहळू असं झालं की दिवस मावळला की मी खरंच उठून स्वेटर घालायचो. घातला नाही तर तिला काय सांगणार, असं वाटायचं. ती कोण, हे मी स्वतःला विचारत नसे.

खरी बायको श्रीरामपुरातच होती, भावाकडे. अकरा वर्षं झाली होती.

तेही थोडक्यात सांगतो. आम्हाला मूल होत नव्हतं. एका सकाळी तिने मला विचारलं, "आपण दोघांनी डॉक्टरकडे जायचं का?" मी दाढी करत होतो. मी वस्तरा उंचावून राजाच्या आवाजात म्हणालो, "प्रधानजी, राजवैद्यांना पाचारण करा." ती हसली. दुसऱ्या दिवशी तिने परत विचारलं, मी परत दरबार भरवला. ती थोडी हसली. तिसऱ्या वेळी ती हसली नाही. ती म्हणाली, "एकदा तरी तुमच्या आवाजात सांगा." मला तो आवाज सापडेना. मग मी तेच केलं जे मला येत होतं. दिवाळीला ती भावाकडे गेली आणि आली नाही. भांडण झालं नाही, कागद झाले नाहीत. तिचा नंबर मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवर होता, तो मी फोनमध्ये घालून ठेवला होता. नाव न घालता. कधी लावला नव्हता.

संक्रांत आठ-दहा दिवसांवर आली होती. बाजाराचा दिवस होता, फोन झाले होते, माझ्या बायकोने त्या दिवशी मोटारसायकल विकून सायकल घ्यायचं ठरवलं होतं. पिशव्या होडीत ठेवून झाल्यावर मावशी परत वर आली. तिच्यामागे बेटावरच्या चौघी.

"दाजी, एक काम हाय तुमच्याकडं."

"सांगा."

"संक्रांतीचं हळदीकुंकू हाय. आमच्याकडं पाच सवाष्णींशिवाय होत न्हाई. पाच जनींनी सुगडं पुजायची, मग वाण द्यायचं. दरसाल सुना जातात, पन एखादी-दुसरी मागं राहती. औंदा सगळ्याच गेल्या." तिने मागच्या चौघींकडे हात केला. "ह्या चार. मला कुनी मोजत न्हाई, पन मोजायचं काम माझ्याकडंच. पाचवी न्हाई."

मला पुढचं कळलं होतं. तरी मी म्हणालो, "मग?"

"मग काय. आमची बहीन हाय की. तुमी इचारा त्यांना. येत असतील तर मी फाट्यापास्नं आनते. येत नसतील तर त्यांच्या नावाचं सुगड मांडू, वाण काढून ठिवू, तुमी पोचवा. पन त्यांनी सवताच्या तोंडानं म्हनलं पायजे, व्हय, मी पाचवी. न इचारता कुनाला मोजू नये."

"वाण काय आहे?" मी विचारलं. असं काहीतरी विचारणं भागच होतं.

"च्याची गाळनी," चौघींतली एक म्हणाली. "इस्टीलची हाय."

त्या आठवड्यात मी फार वाईट नट ठरलो. आपल्याला वाटेल, यात काय अवघड. दोन-अडीच महिने जी बाई माझ्या इशाऱ्यावर मोटारसायकल चालवत होती, तिच्या तोंडी 'हो, मी पाचवी' एवढे शब्द घालायचे. मी तालीम केली. सोंडेच्या टोकावर उभं राहून, फोन कानाला लावून, पाणकावळ्यांच्या साक्षीने. "ऐक, इथल्या बायका विचारतायत," मी म्हणायचो, आणि थांबायचो. पलीकडून काही यायचं नाही. टोमॅटोच्या गाडीला धडकणारी बाई या एका वाक्याला अडली. कारण चार बायका तिच्या भरवशावर सुगडं मांडणार होत्या. ऊस, बोरं, हरभरा, ओंब्या घालून, पाचही सारखी. आणि पाचव्या सुगडासमोर कुणीच नसणार, हे एकट्या मला माहीत असणार होतं.

खरं सांगून टाकावं, असंही वाटलं. तेही दोनदा ठरवलं. मग होडीशिवायची संध्याकाळ डोळ्यांसमोर यायची. ते परत ऑपरेटर म्हणतील, पिशव्या सावलीला ठेवतील, पाठ करतील आणि वळल्यावर माझ्याकडे बघणार नाहीत. वेड्या माणसाकडे बघत नाहीत तसं.

आणि या सगळ्याखाली आणखी एक गोष्ट होती. अकरा वर्षांत ती अजून कुंकू लावते की नाही, हेच मला माहीत नव्हतं.

बाजाराचा दिवस उजाडला. त्या दिवशी पाण्याला वेगळाच रंग होता, शिशासारखा. थंडीने कातळ पांढरट दिसत होता. लांबवर परदेशी बदकांचे थवे पाण्यावर काळ्या पट्ट्यासारखे बसले होते आणि मधूनच सगळेच्या सगळे उठत होते. चार वाजता मंडळी आली. एकेक करून दगडावर चढली. मुकादमाच्या मुलाने त्या दिवशी पिठलं खाल्लं होतं. ते सगळ्यांनी दोनदा ऐकलं.

"दाजी," मावशी म्हणाली. "तुमचा नंबर."

आणि त्यांनी पाठ केली.

मी खोलीकडे निघालो होतो, सवयीने. चार पावलं टाकून थांबलो. मग परत आलो आणि दगडावर चढलो. दगड गार होता. मी तो बिननावाचा नंबर काढला आणि लावला. घंटा वाजायला लागली, आणि माझ्या लक्षात आलं की पलीकडे घंटा वाजताना कशी ऐकू येते हे मी विसरलो होतो.

"हॅलो."

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"हॅलो. कोण आहे?"

"मी आहे," मी म्हणालो.

मागे कुकरची शिट्टी वाजली. दूर कुणीतरी दार लावलं. मग ती म्हणाली, "बोला."

"बरी आहेस ना?"

"आहे. तुम्ही?"

"मी पण. इथे पाण्यापाशी असतो. मोटारीवर."

"कळलं होतं," ती म्हणाली. "थंडी असेल तिकडे."

"आहे."

मला माहीत होतं की आता एखादा चांगला संवाद टाकला तर ती हसेल, निदान पहिल्यासारखी थोडी. जिभेवर आलाही होता. मी तो गिळला.

"एक विचारायचं होतं," मी म्हणालो. "रागावू नकोस. तू कुंकू लावतेस ना?"

"हे विचारायला फोन केला? अकरा वर्षांनी?"

"इथे समोर बेट आहे. तिथल्या बायकांना संक्रांतीला पाचवी सवाष्ण कमी पडतेय. सगळ्या सुना ऊसतोडीला गेल्यात. त्या म्हणाल्या, तुम्ही विचारा. न विचारता मोजणार नाही म्हणाल्या."

"त्यांना माझं कुणी सांगितलं?"

"मी."

"काय सांगितलं?"

"खोटंच सांगितलं बरंचसं."

ती हसेल असं मला वाटलं नव्हतं आणि ती हसलीही नाही. पण तिचा श्वास ऐकू आला, मोठा, मोकळा केल्यासारखा.

"लावते," ती म्हणाली. "मला आवडतं म्हणून लावते. तुमच्यासाठी नाही."

"बरं."

"त्यांना सांगा, मी पाचवी. मोजू दे मला. मी येणार नाही पण."

"वाण आहे. चहाची गाळणी."

"भाऊ सोमवारी नेवाशाला येतो. स्टँडवर त्याच्याकडे द्या."

"तू नाही येणार, म्हणजे स्टँडवर?"

"नाही," ती म्हणाली. "आवाज बसलाय तुमचा."

"नाही," मी म्हणालो. "हाच आहे."

"दूध उतू जातंय," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

मी दगडावर उभा राहिलो. पाठी अजून वळल्या नव्हत्या. मुकादमाची मान थोडी तिरकी होती, चांगला कान माझ्याकडे. मावशी वल्ह्यावर दोन्ही हात ठेवून पाण्याकडे बघत होती. मी खाली उतरलो, चप्पल वाजली, आणि मंडळी एकेक करून वळली. आता मला सांगायचं होतं, रीतीप्रमाणे, पहिल्यापासून.

आयुष्यात पहिल्यांदा मला रंगवायला काही सुचलं नाही.

"ती येणार नाही," मी म्हणालो. "पण मी पाचवी, असं सांगा म्हणाली. तिला मोजा. वाण मी सोमवारी पोचवतो."

मी 'व्हय का'ची वाट बघत होतो. कुणी म्हणालं नाही. चौघींपैकी एकीने पदराने नाक पुसलं. मावशी खाली वाकली, एक पिशवी उचलली, परत तिथेच ठेवली. वाऱ्याने पत्रा वाजला. मुकादम माझ्याकडे टक लावून बघत होता, आणि तो आता काहीतरी बोलणार हे ओळखून मावशीने त्याचा दंड धरला. पण अर्ध्या कानाच्या माणसाला हळू बोलता येत नाही, आणि थांबताही येत नाही. अख्ख्या बेटाला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "आज मातर पलीकडं खरंच कुनीतरी हुतं."